कृतीत न लिहिलेले पाणी

ठाण्यात मे महिन्यात ढवळलेली निग्रोनी (जिनचे एक कॉकटेल) आणि जानेवारीत ढवळलेली निग्रोनी, बाटल्या त्याच, मापे तीच आणि ढवळणारा हातही तोच असला, तरी सारखी लागत नाही. हा जिभेचा भास नाही. स्वयंपाकघरातल्या साध्या वजनकाट्यावर तो फरक दाखवता येतो, आणि आमच्या मंडळातल्या कृतींच्या देवाणघेवाणीला जी काही शिस्त आली, ती या फरकाचा माग काढतानाच आली. मी रबाळे औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्याच्या गुणवत्ता प्रयोगशाळेत काम करते आणि नौपाड्यात राहते. घरी अभिजात कॉकटेल्स करण्याचा छंद असलेले आम्ही काही जण ठाणे ते खारघर या टापूत विखुरलेले आहोत: ज्यांची सारी नोकरी मालवाहू बोटींवर गेली असे नेरुळचे एक काका, खारघरची माझी कॉलेजमधली मैत्रीण, कोलशेतचे एक दांपत्य, ज्यांच्यातल्या वहिनी अंडे खात नाहीत, आणि चाखायला कायम तयार असलेला, पण लिंबू पिळायला कधीही न उठणारा माझा नवरा. एखाद्या शनिवारी कोणाच्या तरी घरी बसायचे, एखादे जुने पेय करून पाहायचे आणि त्याची कृती बाकीच्यांना लिहून द्यायची, असा हा व्यवहार आहे. पेय करणे त्या मानाने सोपे होते; ते दुसऱ्याच्या घरीही तसेच व्हावे अशा रीतीने लिहिणे कठीण होते.

घरी चार बाटल्या ठेवायच्या म्हटल्या तरी महाराष्ट्रात आधी कायद्याची बाजू नीट करावी लागते. 1949च्या दारूबंदी अधिनियमाखाली मद्य विकत घेण्यासाठी, बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, आणि कडक मद्यासाठी वयाची 25 वर्षे पूर्ण असावी लागतात. वाइन शॉपच्या गल्ल्यावर हे कोणी विचारत नाही म्हणून बहुतेकांना ते आठवतही नाही. आम्ही मात्र सगळ्यांनी परवाने काढून घेतले आहेत. शिवाय बैठकीहून परतताना कोणीही स्वतः गाडी चालवायची नाही, ठाणे-वाशी लोकल किंवा रिक्षा पकडायची, हा आमचा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही.

मापाच्या बाबतीत आपल्याकडे एक सोय आधीपासूनच आहे. परदेशी कृती औंसात लिहिलेल्या असतात आणि अमेरिकी औंस म्हणजे जवळजवळ 30 मिली, म्हणजे आपला छोटा पेग. त्यामुळे दोन औंस दिसले की मोठा पेग भरायचा, एवढे रूपांतर पुरते. बाजारात मिळणारी मापे मात्र तपासून घ्यावीत. जांभळी नाक्याच्या बाजारातून मी घेतलेले स्टीलचे दुतोंडी पेग मेजर काट्यावर ठेवून पाण्याने काठोकाठ भरले, तेव्हा मोठ्या बाजूत बरोबर 60 ग्रॅम पाणी बसले, पण छोट्या बाजूत 27 ग्रॅमच. मिलिलिटरला ग्रॅम हा पाण्याचा हिशेब सरळ असल्यामुळे ही तपासणी दोन मिनिटांत होते. दोन्ही बाजू सारख्याच प्रमाणात कमी भरल्या असत्या तर पेय फक्त लहान झाले असते. एकच बाजू कमी भरली की मद्य, आंबट आणि गोड यांचे एकमेकांशी असलेले नातेच बदलते.

निग्रोनीत या नात्याचाही प्रश्न उरत नाही, कारण तिच्यात जिन, कंपारी हे कडवट लाल मद्य आणि व्हर्मुथ ही गोड लाल, वनस्पतींचा अर्क घातलेली वाइन प्रत्येकी 30 मिली असते. फ्लॉरेन्समध्ये 1919च्या सुमारास कामिल्लो निग्रोनी नावाच्या सरदाराने आपल्या नेहमीच्या अमेरिकानो या पेयात सोड्याऐवजी जिन घालायला सांगितली, अशी तिच्या जन्माची कथा सांगितली जाते. तीन समान भागांची ही कृती आम्ही सर्वांनी एकाच कागदावरून उतरवून घेतली होती, तरीही खारघरची निग्रोनी दाट आणि जिभेला चिकटणारी व्हायची, तर कोलशेतची पातळ, कडवटपणाची धार गेलेली. तेव्हा मी माझ्या घरी तिन्ही द्रव भांड्यात ओतून वजन घेतले. ते 92 ग्रॅम भरले. बर्फ घालून अर्धा मिनिट ढवळले, गाळले, पुन्हा वजन घेतले. ते 127 ग्रॅम भरले. म्हणजे 35 ग्रॅम पाणी आत आले होते. ते जिनपेक्षा अधिक होते, कंपारीपेक्षा अधिक होते आणि व्हर्मुथपेक्षाही अधिक होते, आणि आमच्या कागदावर त्याचा उल्लेखच नव्हता.

जुन्या लोकांना याची जाण होती. न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील एका वृत्तपत्राने 13 मे 1806 रोजी एका वाचकाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून कॉकटेलची जी व्याख्या छापली, तिच्यात कोणतेही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स म्हणजे कडू अर्क असे चार घटक सांगितले आहेत. पाणी तिथे इतर घटकांच्या पंक्तीला बसलेले आहे. पुढे बर्फ सहज मिळू लागला, पाणी त्याच्याबरोबर आपोआप येऊ लागले आणि कृती लिहिणाऱ्यांनी ते लिहिणे सोडून दिले.

हे पाणी घरोघरी वेगळे का भरते, याचे उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. 1 ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे 80 कॅलरी उष्णता शोषून घेतो. तोच बर्फ उणे 18 अंशांवरून शून्यापर्यंत येताना जेमतेम 9 कॅलरी शोषतो. म्हणजे पेय थंड होते ते मुख्यतः बर्फ वितळल्यामुळे, बर्फ थंडगार असल्यामुळे नव्हे, आणि पाणी येऊ न देता बर्फाने पेय थंड करणे शक्यच नाही. मे महिन्यात माझ्या कपाटातली बाटली 32 अंशांवर असते. तिच्यातले पेय शून्याखाली 2 अंशांपर्यंत आणायचे, तर सुमारे 2900 कॅलरी काढून घ्याव्या लागतात, म्हणजे ढोबळमानाने 36 ग्रॅम बर्फाचे पाणी. लंडनमधल्या 20 अंशांच्या खोलीत तेच काम 24 ग्रॅममध्ये आटोपते. इंग्रजी पुस्तकातली ‘तीस सेकंद ढवळा’ ही सूचना त्या 20 अंशांच्या खोलीत बसून लिहिलेली असते. ती ठाण्यातल्या उन्हाळ्याला लागू करण्यात अर्थ नाही.

या हिशेबात मी भांडे धरलेले नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. कोलशेतच्या दांपत्याकडे ढवळण्यासाठी नक्षीदार, जाड काचेचे भांडे होते, दिसायला देखणे आणि हातात चांगलेच जड. अशी काच खोलीच्या उष्णतेवर असेल, तर बर्फाचा मोठा वाटा पेयाऐवजी काच थंड करण्यात खर्ची पडतो आणि त्याचे पाणी मात्र पेयातच उतरते. 200 ग्रॅमचे पातळ स्टीलचे भांडे 32 अंशांवरून शून्यावर यायला सुमारे 10 ग्रॅम बर्फ पुरतो. खारघरची मैत्रीण जिन फ्रीझरमध्ये ठेवायची आणि स्टीलच्या लहान पातेल्यात ढवळायची. तिच्या पेयात पुरेसे पाणी शिरतच नव्हते. दोघींचा हात सारखा होता, कागद सारखा होता, फक्त सुरुवातीची उष्णता वेगळी होती. त्यानंतर आम्ही ढवळण्याची वेळ लिहिणे बंद केले आणि गाळल्यानंतरचे वजन लिहू लागलो. निग्रोनीच्या कृतीपुढे ‘125 ते 128 ग्रॅम’ असे लिहिले की कोणाची बाटली कुठे होती आणि कोणाचे भांडे कशाचे होते, याने काही बिघडत नाही. ज्याचे वजन कमी भरेल त्याने आणखी ढवळावे.

नेरुळच्या काकांना हे पटायला वेळ लागला. “अगं, हाताला अंदाज असतो. बोटीवर लाटांत कुठे काटा लावून बसणार?” असे ते म्हणाले. “काका, तुमचा हात नेरुळलाच राहतो, आमच्याकडे येते ती तुमची कृती,” असे मी म्हटल्यावर ते हसले, पण पुढच्या वेळी त्यांनी सुनेचा केक करण्याचा काटा मागून आणला होता.

लिंबाच्या पेयांत गुंता वाढतो, कारण तिथे पाण्याबरोबर रसही बेभरवशाचा असतो. नुसत्या मद्यांची पेये ढवळायची आणि रस, अंडे किंवा साय असलेली पेये शेकरमध्ये, म्हणजे झाकणाच्या भांड्यात, बर्फासह हलवायची, हा सर्वमान्य संकेत आहे. हलवल्यावर पेय अधिक थंड होते, त्यात हवा मिसळते आणि मूळ द्रवाच्या जवळजवळ निम्मे पाणी येते. आम्ही यासाठी डायकिरी निवडली. क्यूबातील सांतियागोजवळच्या खाणीवर नोकरी करणाऱ्या जेनिंग्ज कॉक्स या अमेरिकी अभियंत्याच्या नावावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदले गेलेले हे पेय: पांढरी रम 60 मिली, लिंबाचा रस 22.5 मिली, साखरेचा पाक 22.5 मिली. परदेशी कृतींत ‘एका लिंबाचा रस’ असे लिहिलेले असते, तेव्हा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मोठे, बिनबियांचे ताहिती जातीचे लिंबू असते. आपले कागदी लिंबू आकाराने लहान, वासाने तिखट आणि रसाला लहरी. वाशीच्या घाऊक बाजारातून एकाच गोणीतून घेतलेल्या लिंबांत एकातून 10 मिली निघतो, तर दुसऱ्यातून 20. उन्हाळ्यात भाव चढतो आणि रस आटतो, हे तर कोणतीही गृहिणी सांगेल. म्हणून लिंबे मोजायची नाहीत, रस मोजायचा, तोही गाळून. चिमट्यात लिंबू घालून साल पांढरी पडेपर्यंत दाबले की सालीतले तेल आणि कडवटपणा रसात उतरतो. सरबतात साखरेखाली ते झाकले जाते, डायकिरीत नाही. रस त्याच दिवशी काढावा. आदल्या रात्री काढून फ्रिजमध्ये ठेवलेल्या रसाला जी बोथट, जुनाट चव येते, ती शेकरमध्ये कितीही जोर लावला तरी जात नाही.

पाकाबद्दल आमच्यात बरेच वाद झाले, कारण मराठी घरात पाक म्हटला की वाटी आलीच. एक वाटी साखर आणि एक वाटी पाणी असा पाक करणे, आणि 100 ग्रॅम साखर 100 ग्रॅम पाण्यात विरघळवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाणेदार साखरेत दाण्यांमध्ये हवा असते, त्यामुळे वाटीभर साखर वाटीभर पाण्यापेक्षा हलकी भरते आणि वाटीच्या मापाचा पाक फिका होतो. डायकिरीत तो 22.5 मिली घातला की लिंबू वरचढ ठरते, मग कोणीतरी म्हणते की या कृतीत गोडी कमी आहे, आणि पुढच्या घरी 30 मिली पाक पडतो. आता सगळे वजनाने पाक करतात. तो उकळायचा नाही, कारण उकळताना पाणी किती उडून गेले हे पुन्हा मोजावे लागते. कोमट पाण्यात साखर ढवळत राहिले की ती विरघळते.

बर्फाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण त्यात मला स्वतःला सर्वांत जास्त गोडी आहे. रस्त्यावरच्या लादीच्या बर्फाचा विचारही करू नये. खाण्याजोगा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात 2018पासून आहे. फ्रिजच्या ट्रेमधला बर्फ ढवळण्याला आणि हलवण्याला उत्तम चालतो, मात्र तो फ्रीझरमधून काढून लगेच वापरावा. आपल्या दमट हवेत बाहेर ठेवलेल्या बर्फावर पाच मिनिटांत पाण्याचा थर चढतो, आणि हे पाणी काहीही थंड न करता सरळ पेयात जाते. पेल्यात घालायचा मोठा, काचेसारखा बर्फ मात्र वेगळा करावा लागतो. ट्रेमधला बर्फ चहूबाजूंनी गोठतो, त्यामुळे पाण्यात विरघळलेली हवा मध्यभागी कोंडली जाते आणि तिथे पांढरा ढग दिसतो. पाणी एकाच बाजूने गोठू दिले, तर हवा पुढे पुढे ढकलली जाते. यासाठी मी जाड थर्मोकोलचा एक छोटा डबा झाकण न लावता पाण्याने भरून फ्रीझरमध्ये ठेवते. बाजू आणि तळ झाकलेले असल्यामुळे पाणी फक्त वरून खाली गोठत जाते. साधारण एक दिवसाने, तळाचे पाणी गोठायच्या आत, डबा उपडा करायचा. खालचे उरलेले पाणी वाहून जाते आणि हातात स्वच्छ, आरपार दिसणारी लादी येते. ती लगेच कापायला गेले तर तडकते. ओट्यावर काही मिनिटे ठेवून तिच्यावरचे धुके विरघळू द्यायचे, मग पाव कापण्याच्या दातेरी सुरीने अर्धा सेंटिमीटर खोल खाच पाडायची, सुरी त्याच खाचेत ठेवायची आणि तिच्या पाठीवर लाटण्याने एक हलका ठोका द्यायचा. लादी त्या रेषेवर सरळ दुभंगते. मोठ्या ठोकळ्याचे पृष्ठफळ त्याच्या आकारमानाच्या मानाने कमी असल्यामुळे तो पेल्यात सावकाश वितळतो, आणि गाळताना ठरवलेले वजन पुढे बराच वेळ टिकते. ठोकळा पारदर्शक असल्यामुळे पेय अधिक चविष्ट होते, हे मला मान्य नाही. तो दिसतो छान, एवढेच.

व्हर्मुथ ही मुळात औषधी वनस्पतींचा अर्क घातलेली आणि मद्याने जोर वाढवलेली वाइन आहे, हे आपल्याकडे फारसे लक्षात घेतले जात नाही. जिन आणि व्हिस्की यांच्या शेजारी कपाटात ठेवलेली उघडी बाटली ठाण्याच्या उन्हाळ्यात काही आठवड्यांत निस्तेज होते. ती उघडल्यावर फ्रिजमध्येच ठेवावी, आणि तिथेही महिना-दोन महिन्यांत संपवावी. त्यामुळे आमचे वेळापत्रक सणवारांपेक्षा व्हर्मुथच्या बाटलीवर ठरते: एकाने बाटली उघडली की पुढच्या दोन-तीन बैठकांत निग्रोनी आणि मॅनहॅटन अशी तिची पेये लावून टाकायची. मॅनहॅटनसाठी मूळ कृतीत राय व्हिस्की लागते, जिच्यात अमेरिकी कायद्याप्रमाणे किमान 51 टक्के राय धान्य असते आणि जी नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात मुरवलेली असते. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कींत बहुतांशी उसाच्या मळीपासून काढलेले मद्य असते. त्यांच्याकडून धान्याचा तो तिखटपणा मागणे अन्याय आहे. त्या बाटल्या सोड्याबरोबर घ्याव्यात, त्यात कमीपणा काही नाही.

बिटर्सची बाटली घरात वर्षानुवर्षे पुरते. योहान सिगर्ट या जर्मन वैद्याने 1824मध्ये व्हेनेझुएलातील अंगोस्तुरा गावी, ज्याचे आजचे नाव सियुदाद बोलिव्हार आहे, पोटाच्या विकारांवर तयार केलेला हा अर्क आता त्रिनिदादमध्ये बनतो. कृतीत तो ‘डॅश’ या मापाने लिहितात, आणि बाटली भरलेली असताना पडणारा डॅश व ती अर्धी झाल्यावर पडणारा डॅश यांत बरीच तफावत असते. आम्ही औषधाच्या ड्रॉपरने थेंब मोजतो. काकांनी तर स्वतःचाच अर्क केला. अंगोस्तुराच्या लेबलवर जेन्शन या कडू मुळीचा उल्लेख आहे. तिच्याच कुळातले काडेचिराईत ठाण्यातल्या कोणत्याही काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. ते, दालचिनी, लवंग आणि मोसंबीची वाळवलेली साल काकांनी व्होडकात वेगवेगळ्या बाटल्यांत भिजवली. वेगवेगळ्या अशासाठी की काडेचिराईताचा कडूपणा एका दिवसात उतरतो, तर सालीला दहा-बारा दिवस लागतात. एकत्र भिजवले तर सालीचा वास यायच्या आत सगळे कडूजहर होऊन बसते. लवंग त्यांनी अगदी हात राखून घातली होती, आणि ते योग्यच होते, कारण ती जीभ बधिर करते. ओल्ड फॅशन्ड या व्हिस्कीच्या कॉकटेलमध्ये हा अर्क अंगोस्तुराइतका गोलाई असलेला लागत नाही, पण त्याचा कडूपणा स्वच्छ आणि लांबवर टिकणारा आहे.

व्हिस्की सावरवर फेस यावा म्हणून अंड्याचा पांढरा बलक घालतात. कोलशेतच्या वहिनींसाठी आम्ही त्याजागी काबुली चणे शिजवल्यावर उरणारे दाट पाणी 30 मिली घालतो. आधी बर्फाशिवाय आणि मग बर्फासह हलवले की त्यावर फेस चांगला धरतो. चणे बिनमिठाचे शिजवावेत. त्यांचे छोले होतात आणि चखण्याची चिंता मिटते.

कृती एका घरातून दुसऱ्या घरी तंतोतंत जावी, या आमच्या अट्टाहासाला सर्वांत चांगले उत्तर मिळाले ते दुधाच्या पंचमध्ये. हे पेय जुने आहे. मेरी रॉकेट या इंग्रज बाईंनी 1711मध्ये लिहून ठेवलेली कृती उपलब्ध कृतींत सर्वांत जुनी मानतात, आणि बेंजामिन फ्रँकलिन यांनी 1763मध्ये एका मित्राला पत्रातून आपली कृती कळवली होती. यात दूध मुद्दाम नासवायचे असते. आमची कृती अशी आहे: काळी रम 300 मिली, कडक आणि पूर्ण थंड केलेला कोरा चहा 150 मिली, कागदी लिंबाचा रस 90 मिली आणि 90 ग्रॅम साखर 90 ग्रॅम पाण्यात विरघळवून केलेला पाक, हे सर्व एकत्र करून ठेवायचे. दुसऱ्या मोठ्या पातेल्यात गाईचे 170 मिली निरसे दूध घ्यायचे आणि हे मिश्रण बारीक धारेने दुधात ओतायचे. दूध मिश्रणात ओतले तर दुधाला एकदम आम्ल लागते आणि मोठ्या गुठळ्या होतात. मिश्रण दुधात ओतले की आंबटपणा हळूहळू वाढतो आणि चोथा बारीक, सलग धरतो. दुधातले केसीन हे प्रथिन सामू (पीएच) 4.6च्या आसपास साकळते आणि साकळताना चहातले व रममधले तुरट द्रव्य आपल्याबरोबर ओढून घेते. 

पातेल्यात या वेळी दिसणारे दृश्य पाहून कोणत्याही मराठी माणसाचा हात ते मोरीत ओतायला जाईल: तपकिरी, फुटलेले, वर दह्याच्या कवड्यांसारखे काहीतरी तरंगणारे. ते तासभर तसेच राहू द्यायचे. मग श्रीखंडासाठी चक्का टांगतो तो पंचा, साबणाचा वास नसलेला, ओला करून चाळणीवर अंथरायचा आणि मिश्रण त्यावर सावकाश ओतायचे. पहिली धार गढूळ येते. ती बाजूला ठेवायची आणि फडक्यावर चोथ्याचा थर बसला की अलगद त्याच थरावरून परत सोडायची, कारण खरी गाळणी फडके नसून तो चोथा आहे. त्याला चमच्याने डिवचायचे नाही, पिळायचे तर अजिबात नाही. चक्का पिळायची सवय असलेल्या हातांना हा संयम जड जातो. थेंब थेंब करत रात्रभरात खालच्या भांड्यात जे जमते, ते मधाच्या रंगाचे आणि इतके नितळ असते की बाटलीमागची अक्षरे वाचता येतात. चहाचा तुरटपणा गेलेला, रमची धार बोथट झालेली, आणि दूध कुठे दिसत नसले तरी तोंडात एक रेशमी भरीवपणा. म्हशीच्या दुधानेही हे होते, पण चोथा जास्त धरतो आणि त्यात पेयही जास्त अडकून राहते.

या पेयात पाणी आधीच मोजून पडलेले आहे. फ्रिजमधून काढायचे, एका ठोकळ्यावर ओतायचे, इतकेच करायचे असल्याने ते खारघरला प्यायले काय आणि नौपाड्यात प्यायले काय, फरक पडत नाही. फ्रिजमध्ये काही आठवडे सहज टिकतेही. यावरून मग निग्रोनीही आम्ही अशीच बाटलीत करू लागलो: तिन्ही मद्ये प्रत्येकी 200 मिली आणि गाळलेले पाणी 230 मिली. काटा कितीही काळजीपूर्वक वापरला तरी प्रत्येक पेल्यामागे राहणारी थोडीफार तफावत यात एकदाच, मोजताना, निकालात निघते. बाटली फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवू नये. इतक्या पातळ केलेल्या मद्यात बर्फाचे कण धरतात. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून पिण्यापूर्वी अर्धा तास वर फ्रीझरमध्ये ठेवली की पुरते.

एवढे सगळे लिहून झाल्यावर काकांनी नवीनच मुद्दा काढला आहे. आपल्याकडे बनणाऱ्या बहुतेक मद्यांत अल्कोहोल 42.8 टक्के असते, कारण जुन्या ब्रिटिश प्रूफ मापनातले 75 अंश आजच्या टक्क्यांत तेवढे भरतात; बाहेरून येणाऱ्या जिनमध्ये 40 टक्केही असते आणि 47ही. मग 127 ग्रॅमची निग्रोनी कोणत्या जिनची, असे त्यांचे म्हणणे, आणि ते खोडून काढता येत नाही. वहीत बाटलीवर छापलेल्या टक्केवारीचा रकाना वाढवला आहे आणि जुन्या कृती त्या रकान्यासह पुन्हा करून पाहणे चालू आहे. पुढच्या शनिवारी नेरुळला मॅनहॅटनची पाळी आहे. व्हर्मुथची बाटली उघडून झाली असल्यामुळे ती पुढे ढकलता येणार नाही.